कंपनीच्या नेटवर्कवर माणसं बोलती कशी करायची

कंपनीनं व्हिवा एंगेज, झोहो कनेक्ट किंवा तसलंच एखादं अंतर्गत नेटवर्क, म्हणजे कंपनीतल्या माणसांपुरतं फेसबुकसारखं ॲप, आणलं की पहिले दोन महिने बहुतेक ठिकाणी सारखेच जातात. एमडींच्या स्वागताच्या पोस्टखाली 'अभिनंदन सर'ची रांग लागते, मग एचआरनं टाकलेले रांगोळी स्पर्धेचे फोटो येतात, आणि त्यानंतर उरतात ते वाढदिवस. त्याच कंपनीत लाइनचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र दिवसभर वाजत असतो. कुठलं मशिन बंद पडलं, कोण आज आला नाही, हिंजवडीची बस कुठे अडकली, सगळं तिथे. माणसं बोलतात, भरपूर बोलतात, पण तुमच्या नेटवर्कवर येऊन बोलत नाहीत.

पुढचं सगळं चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींतल्या मध्यम कारखान्यांना धरून लिहिलं आहे. पाचशे ते दोन हजार माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त शॉप फ्लोअरवर आणि बरीचशी कंत्राटी. आयटी कंपनीत हे काम जरा सोपं असतं, कारण प्रत्येकासमोर संगणक असतो आणि टाइप करणं हाच दिवसाचा धंदा असतो. टीसीएसनं तर 'नोम' नावाचं स्वतःचं नेटवर्क आपल्या माणसांसाठी उभारलं. कारखान्यात हातात पाना असतो, म्हणून इथली गणितं वेगळी.

बक्षिसं, बॅज, 'महिन्याचा सर्वोत्तम पोस्टकर्ता' याकडे वळण्याआधी एक गोष्ट मान्य करावी लागते. माणूस लिहीत नाही, कारण लिहून काही होत नाही हे त्यानं बघितलेलं असतं. प्रश्नाला उत्तर मिळतंय हे चारचौघांना दिसलं, की पाचवा आपणहून लिहितो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

१. आधी व्हॉट्सॲपवर काय चालतं ते समजून घ्या

नेटवर्क सुरू करण्याआधी आठवडाभर सुपरवायझरांसोबत चहाला बसा आणि त्यांच्या ग्रुपवर काय काय येतं ते विचारा. ग्रुपमध्ये स्वतःला घुसवून घेऊ नका. एचआरचा माणूस ग्रुपमध्ये आला की दुसऱ्या दिवशी 'लाइन ३ (नवीन)' नावाचा ग्रुप तयार होतो आणि तुम्ही जुन्यातच राहता.

जे कळेल त्याच्या तीन राशी पडतील. पहिली तातडीची: 'प्रेस बंद, लवकर या'. ती व्हॉट्सॲपवर किंवा फोनवरच राहू द्या. आगीच्या वेळी कुणी ॲप उघडून लॉगिन करत बसत नाही. दुसरी राशी कामाच्या माहितीची. अमुक सेन्सर ओलावा आला की खोटा अलार्म देतो, तमुक सप्लायरच्या मालाला जास्त बर (कडेला उरणारा धातूचा कंगोरा) येते, असली माहिती. ती त्या दिवशी ग्रुपवर येते आणि दोनशे 'गुड मॉर्निंग'खाली गाडली जाते, मग सहा महिन्यांनी दुसऱ्या शिफ्टचा माणूस तोच प्रश्न नव्यानं सोडवतो. तिसरी राशी विचारपूस आणि तक्रारींची: सेफ्टी शूज कधी येणार, ओव्हरटाइम पगारात का दिसत नाही, कँटीनची भाजी. नेटवर्कवर आणायच्या त्या दुसरी आणि तिसरी राशी.

मॅनेजमेंटला हे पटवताना एक मुद्दा हमखास चालतो. ग्राहकाच्या ड्रॉइंगचे आणि रिजेक्ट मालाचे फोटो आज शेकडो खासगी मोबाइलमध्ये पडून आहेत, आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी ते त्याच्याच मोबाइलमध्ये राहतात.

२. एक काम निवडा, जे तिथेच होईल

'आपल्या कल्पना मोकळेपणानं मांडा' असं लिहिलेली रिकामी भिंत कुणालाच लिहितं करत नाही. सुरुवातीला एकच काम ठरवा आणि ते इतर सगळ्या वाटांनी बंद करा. बसच्या वेळापत्रकातले बदल, युनिफॉर्मची मापं, शिफ्ट हँडओव्हर, कायझेनच्या, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांच्या सूचना, यातलं काहीही चालेल. माझं मत विचाराल तर 'नियर मिस', म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, घ्या. विषय सगळ्यांच्या जिवाचा आहे, लिहायला दोन ओळी पुरतात, आणि दुरुस्ती बहुधा स्वस्तात होते: एक जाळी, एक पट्टी, एक दिवा.

कायझेन निवडणार असाल तर ही कल्पना नवी नाही हे लक्षात असू द्या. टोयोटानं आपली सूचना योजना १९५१ मध्ये सुरू केली, अमेरिकेतल्या फोर्डच्या कारखान्यातली पद्धत पाहून आल्यावर. तशी योजना आपल्याकडेही बहुतेक कारखान्यांत आहे. टाइम ऑफिसजवळची ती लोखंडी पेटी, जिची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. पेटीच्या जागी ॲप आणलं आणि किल्लीचा प्रश्न तसाच ठेवला, तर फरक एवढाच पडेल की पेटी रिकामी असल्याचं आता सगळ्यांना दिसेल.

३. आत येणं सोपं करा

ऑफिसात बसून हे ध्यानात येत नाही, पण निम्मा सहभाग इथेच गळतो. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला कंपनीचा ईमेल नसतो. असला तरी पासवर्ड पहिल्याच महिन्यात विसरलेला असतो. अनेक प्लँटमध्ये मोबाइल आत न्यायलाच बंदी आहे, तो लॉकरमध्ये राहतो. तेव्हा:

– लॉगिन एम्प्लॉयी कोड किंवा मोबाइल नंबरवर आणि ओटीपीनं होऊ द्या. कुठलं ॲप घ्यायचं हे ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा.

– कँटीनच्या दाराशी आणि शॉपच्या प्रवेशाशी एकेक टॅब बसवा. तेलकट हातांनी चालेल असा, उभ्यानं वापरता येईल अशा उंचीवर.

– कँटीनच्या टीव्हीवर कंपनीची जाहिरात दाखवण्याऐवजी आज आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं फिरत राहू द्या. न लिहिणाऱ्यालाही लिहिल्यानं काय होतं ते जेवता जेवता दिसतं.

– फोटो आणि आवाजी निरोप दोन्ही चालले पाहिजेत. मराठीत टाइप करायला कंटाळणारा माणूस बोलून अर्ध्या मिनिटात मोकळा होतो.

भाषेबद्दल आग्रह धरू नका. एचआर इंग्रजीत लिहितं, फिटर मराठीत विचार करतो, आणि पेंट शॉपमधली अर्धी पोरं बिहार किंवा ओडिशाची असतात. रोमन लिपीतली मराठी, धेडगुजरी हिंदी, जे येईल ते येऊ द्या. मात्र कंपनीकडून जाणारी प्रत्येक महत्त्वाची पोस्ट मराठी आणि हिंदीत गेलीच पाहिजे. आणि कुणाचं शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका, गमतीनंसुद्धा. तो माणूस परत लिहीत नाही.

कंत्राटी कामगारांना खातं द्यायचं का, यावर लीगल विभाग कुरकुर करतो. कंपनीनं थेट खातं दिलं तर उद्या ते नोकरीच्या नात्याचा पुरावा म्हणून पुढे येईल, अशी भीती असते. भीती अगदी निराधार नाही, म्हणून हा विषय सुरुवातीलाच मिटवा. एक व्यवहार्य वाट म्हणजे टॅबवर लॉगिनशिवाय नियर मिस नोंदवायची सोय. घसरणारा पाय कुणाच्या रोलवर आहे हे सांडलेलं तेल बघत नाही.

४. उत्तराची व्यवस्था लावा, मग नेटवर्क उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. सुरू करायच्या दिवशी तुमच्याकडे एक कागद तयार हवा: कुठल्या विषयाला कोण उत्तर देणार, तो रजेवर असेल तर कोण, आणि किती वेळात. कँटीन आणि बस ॲडमिनकडे, पगार आणि ओव्हरटाइम टाइम ऑफिसकडे, मशिन मेंटेनन्सकडे, पीपीई (हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी शूज) सेफ्टी ऑफिसरकडे. पहिलं उत्तर कामाच्या एका दिवसात, हा नियम पुरेसा आहे. 'उत्तर' म्हणजे काम झालंच पाहिजे असं नाही, कुणीतरी ते हातात घेतलंय एवढं कळलं पाहिजे.

समजा रात्रपाळीतून अशी पोस्ट आली:

'लाईन ३ कन्वेयर च्या बाजूला तेल सांडतय. काल दोघे घसरता घसरता वाचले. फोटो बघा.'

आता दोन उत्तरं बघा. एक: 'आपल्या निरीक्षणाबद्दल धन्यवाद. सुरक्षा ही आमची प्राथमिकता आहे. संबंधित विभागास कळविण्यात आले आहे.' यातून माणसाला काहीही कळत नाही, आणि हे कुणी माणसानं लिहिलंय की यंत्रानं, हेही नाही. दुसरं: 'फोटो बघितला, गिअरबॉक्सचं सील गेलेलं दिसतंय. आज दुपारी दोनच्या आत ट्रे लावतो, म्हणजे तेल खाली येणार नाही. सील स्टोअरला नाही, शुक्रवारपर्यंत येईल, रविवारी मेंटेनन्समध्ये बदलू. तोवर त्या बाजूनं जाऊ नका, पट्टी लावलीय. – मेंटेनन्स.' रविवारी काम झाल्यावर त्याच पोस्टखाली नव्या सीलचा फोटो. हा शेवटचा फोटो लोक विसरतात आणि खरा परिणाम त्याचाच असतो. ज्यानं कधी काही लिहिलं नाही, तोही तो बघतो.

'नाही' हेसुद्धा उत्तर आहे. एसी कँटीन मागितलं आणि यंदा होणार नसेल, तर तसं लिहा, कारणासकट: 'यंदाचं बजेट कंप्रेसर रूमला गेलं. पंखे वाढवतोय, आणखी चार, मेच्या आधी.' स्पष्ट नकारानं माणूस नाराज होतो, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारतो. 'विचाराधीन आहे' वाचून तो विचारणंच सोडतो. अशा पोस्टवर लावायला चार शिक्के पुरतात: पाहिलं, सुरू आहे, झालं, होणार नाही.

उत्तर देणाऱ्यांना त्यासाठी रोज अर्धा तास मोकळा द्यावा लागतो, आणि तो त्यांच्या कामाच्या यादीत लिहिलेला हवा. 'वेळ मिळेल तसं बघा' म्हटलं की तो मिळत नाही.

५. सुपरवायझर आणि भीती

अ‍ॅमी एडमंडसन या संशोधिकेनं नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या वॉर्डांत चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या वॉर्डांत चुका लपवल्या जात नव्हत्या, म्हणून नोंदी जास्त दिसत होत्या. यातूनच पुढे 'मानसिक सुरक्षितता' ही तिची कल्पना आली, १९९९ मध्ये तिचा त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्लँट हेडला हे आधीच सांगून ठेवा. नेटवर्क चालू लागलं की पहिल्या तिमाहीत तक्रारी आणि नियर मिस वाढलेले दिसतील, तेव्हा घाबरून झाकण लावू नका.

खरी गाठ सुपरवायझरशी असते. त्याच्या नजरेनं बघा. त्याच्या लाइनवरचा पोरगा थेट अशा ठिकाणी लिहितो जिथे प्लँट हेड वाचतो. दुपारी प्लँट हेडचा फोन येतो, 'हे काय चाललंय?' मग सुपरवायझर पोराला गाठून म्हणतो, 'आधी मला का नाही सांगितलंस?' संपलं. त्या लाइनवरून वर्षभर पोस्ट येत नाही.

म्हणून सुपरवायझरांना सगळ्यांच्या आधी सोबत घ्या, आणि तीन गोष्टी पाळा. पहिलं उत्तर द्यायचा मान त्या लाइनच्या सुपरवायझरचा, वरचे लोक चार तास गप्प बसतील. त्याच्या लाइनवरून आलेले नियर मिस त्याच्या अप्रेझलमध्ये त्याच्या बाजूनं धरले जातील. आणि 'आधी का नाही सांगितलंस' हे वाक्य बंद, हे प्लँट हेडनं स्वतः मीटिंगमध्ये सांगायचं, एचआरनं नाही.

साहेबांसाठीही थोडं पथ्य आहे. जाहीर पोस्टखाली कुणाला टॅग करून 'प्लीज एक्सप्लेन' लिहायचं नाही. त्या दोन शब्दांनी तीन महिन्यांची मेहनत वाया जाते. विचारायचंच असेल तर फोन उचला. आणि एमडींनी महिन्यातून एखादा खरा प्रश्न स्वतः विचारावा, उत्तर माहीत नसलेला. 'सेकंड शिफ्टचं जेवण गार होतं म्हणतात, खरंय का?' याला येणारी उत्तरं कुठल्याही प्रेरक भाषणाच्या खाली येत नाहीत.

युनियन असेल तर सुरू करण्याआधी कमिटीशी बोला. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे लिहिलेलं उद्या चार्जशीटमध्ये येणार का? उत्तर लेखी द्या. छळ, धमकी, ग्राहकाची गोपनीय माहिती फोडणं असे मोजके अपवाद नावानिशी लिहा, बाकी कशासाठीही पोस्ट शिस्तभंगाच्या कारवाईत वापरणार नाही असं सांगा आणि पाळा. निनावी पोस्टची परवानगी मी नियर मिसपुरती देईन. सगळीकडे दिली तर भांडणाचा फड होतो, आणि ज्याच्याशी बोलायचं तोच माणूस सापडत नाही.

६. लिहिणारे मोजकेच असतात, ते नीट निवडा

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडलं: ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत लिहितो. आठशे माणसांच्या प्लँटला हे लावलं तर नेमानं लिहिणारे आठ आणि अधूनमधून लिहिणारे सत्तरेक. कंपनीच्या आत हे प्रमाण सुधारता येतं, पण सगळे लिहू लागतील ही आशा सोडा. गप्प वाचणारा माणूस सहभागी नाही असं मानणं ही मॅनेजमेंटची गैरसमजूत आहे. तेलाची पोस्ट वाचून तो वाट बदलून गेला, एवढं पुरे.

पहिली वीसेक माणसं निवडताना लोकप्रिय चेहरे घेऊ नका. ज्याला येऊन लोक विचारतात तो घ्या. बंद पडलेलं मशिन आवाजावरून ओळखणारा जुना फिटर, टूल रूममधला मितभाषी गृहस्थ, बसचे रूट तोंडपाठ असणारा टाइम ऑफिसचा क्लार्क. त्यांना काय लिहायचं हे शिकवायची गरज नसते. त्यांच्याकडे रोज येणारे प्रश्न त्यांनी तोंडी सोडवण्याऐवजी महिनाभर नेटवर्कवर सोडवावेत, एवढंच सांगायचं. 'अरे, हे तिथे टाक, मी उत्तर देतो' हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की लोक जातात, एचआरच्या मेलनं जात नाहीत.

७. वेळ-काळ

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी टाकलेली महत्त्वाची पोस्ट शुक्रवार उजाडेपर्यंत थंड झालेली असते. शिफ्ट बदलण्याच्या आसपास, दोन शिफ्टची माणसं आवारात असताना टाकलेलं जास्त वाचलं जातं. दिवाळी बोनसच्या आठवड्यात दुसरं काहीही सुरू करू नका.

शिफ्ट संपल्यावर नोटिफिकेशन बंद राहतील अशी सेटिंग सगळ्यांना लावून द्या. कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, पण घरी जेवताना कंपनीचा मोबाइल वाजला तर माणूस ॲपच काढून टाकतो, त्याला कायदा लागत नाही.

८. नियम एका पानात

कायद्याच्या दोन बाबी सांभाळाव्याच लागतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि नेटवर्कवरची शेरेबाजी समितीच्या कक्षेबाहेर आहे असं कुणी समजू नये. दुसरा, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. कुणाच्या आजारपणाचं कारण, पगाराची स्लिप, घरचा पत्ता पोस्टमध्ये येता कामा नये. वाढदिवसाच्या याद्याही ज्यांनी हो म्हटलंय त्यांच्याच.

राजकारण आणि धर्म नको, ग्राहकाचं ड्रॉइंग नको, शिवीगाळ नको. एवढं लिहून थांबा. आठ पानांचं धोरण वाचून माणसाला फक्त इतकंच कळतं की इथे बोलणं धोक्याचं आहे.

९. मोजायचं काय

लाइक आणि लॉगिन मोजू नका. दर महिन्याला चार आकडे काढा: उत्तर न मिळालेल्या पोस्ट किती, पहिल्या उत्तराला साधारण किती वेळ लागला, किती वेगवेगळ्या माणसांनी विचारलं, आणि त्यात रात्रपाळीची किती. रात्रपाळीचा आकडा शून्य असेल तर टॅब चुकीच्या जागी आहे किंवा रात्रीचा सुपरवायझर दमात घेतोय, जाऊन बघा. प्रत्येक विभागाला 'आठवड्यात पाच पोस्ट' असं टार्गेट देऊ नका. पाच 'शुभ सकाळ' मिळतील, फुलांसकट. बक्षीस द्यायचंच तर ज्याच्या सूचनेनं काही बदललं त्याला द्या, आणि त्यानं लिहिलेलं उत्तरासकट टीव्हीवर लावा.

१०. साधनावर जीव लावू नका

यॅमर हे असंच एक नेटवर्क २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं १२० कोटी डॉलरला घेतलं आणि २०२३ मध्ये त्याचं नाव व्हिवा एंगेज झालं. गूगलचं करंट्स २०२३ मध्ये गुंडाळलं गेलं. फेसबुकचं वर्कप्लेस २०१६ मध्ये गाजावाजात आलं. फेसबुकची मालक कंपनी मेटानं २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. करार करतानाच विचारा: आमच्या पोस्ट, फोटो आणि उत्तरं एकगठ्ठा बाहेर काढता येतील का, आणि कुठल्या स्वरूपात? सील बदलल्याच्या त्या धाग्याला, म्हणजे ती पोस्ट आणि तिच्याखालच्या उत्तरांना, पाच वर्षांनीही किंमत आहे. दर तिमाहीला चांगले धागे निवडून मेंटेनन्सच्या किंवा ट्रेनिंगच्या फाइलमध्ये उतरवून ठेवा.

आतल्या गटांचंही तसंच. उत्साहात उघडलेले 'क्रिकेट', 'फोटोग्राफी', 'प्रोजेक्ट उडान' हे गट ओस पडतात आणि नवा माणूस आत आला की त्याला पहिलं दर्शन त्यांचंच होतं. दोन महिने ज्यात एकही प्रश्न आला नाही तो गट बंद करा. बंद करण्याआधी त्यात शेवटची पोस्ट टाका: हा विषय आता अमुक गटात विचारा, उत्तर तमुक देतील.